मिंट टाकल्यावर प्रिंटर तीन नावांनी दिसतो, छापत मात्र एकाही नावाने नाही

रामबागी (शनिवार, सकाळी ९.१०)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. घराच्या खालच्या मजल्यावर माझी नववी-दहावीची शिकवणी चालते, वर आम्ही राहतो. क्लासमधला डेस्कटॉप जुना. विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले, म्हणून भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली टाकून दिली. मशीन पूर्वीपेक्षा चपळ चालतंय, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार प्रिंटरची आहे.

प्रिंटर वायफायवाला इंक टँक, वर स्कॅनर. तो वरच्या मजल्यावर असतो, कारण सौ.लाही लागतो आणि खाली ठेवला की मुलं त्यावर दप्तरं टाकतात. भाच्याने मिंट टाकलं त्या दिवशी चाचणीचं पान व्यवस्थित आलं. तो पुण्याला परत गेला, तेव्हापासून एक पान नाही. मग फोनवर सांगत सांगत त्याने माझ्याकडून आणखी दोन प्रकारे प्रिंटर जोडून घेतला, एकदा आयपी पत्ता घालून आणि एकदा कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकून. आता प्रिंटर्सच्या खिडकीत एकाच प्रिंटरची तीन चित्रं आहेत आणि तिन्ही मख्ख.

सोमवारी चाचणी परीक्षा आहे. प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जायचं, तर तिथे माझ्याच क्लासची चार मुलं उभी असतात. काय करावं?

खिडकीप्रेमी (९.४२)

सर, सरळ सिल्व्हर मॉल गाठा. आठव्या जनरेशनचं सेकंड-हँड मशीन घ्या, त्यावर विंडोज ११ टाका, प्रिंटर आपोआप धरतो. लिनक्स सर्व्हरसाठी ठीक आहे, घरगुती माणसासाठी नाही. वाद घालायचा नाही, अनुभव सांगतोय.

५६_भोग (९.५०)

भिया, वाद घालायचा नाही म्हणता म्हणता घालून मोकळे झालात. सरांनी प्रिंटर विचारला, तुम्ही कॉम्प्युटर विकून राहिलात.

टर्मिनलतात्या (१०.१५)

सर, आधी एक विनंती. आता नवीन काही टाकू नका आणि काही उडवूही नका. ड्रायव्हरचा विचार तर पूर्ण बाजूला ठेवा. ज्या प्रिंटरने त्याच मशीनवरून एकदा पान दिलंय, त्याचा ड्रायव्हर रात्रीतून खराब होत नाही. बदललंय ते दुसरंच काहीतरी.

मेनूमधून 'प्रिंटर्स' उघडा. प्रत्येक चित्रावर उजवी टिचकी, मग 'प्रॉपर्टीज'. तिथे 'डिव्हाइस यूआरआय' अशी एक ओळ दिसेल. तिन्ही चित्रांची ती ओळ इथे उतरवा. मग चित्रावर दोनदा टिचकी मारली की रांग उघडते, तिथे काय अडकलंय आणि पुढे काय शेरा आहे ते सांगा. नेटवर्क सेटिंग्जमध्ये तुमच्या मशीनचा आयपी पत्ता असतो, तोही द्या. आणि प्रिंटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो टाका. मॉडेल कळल्याशिवाय प्रिंटरवर बोलणं म्हणजे गाव न विचारता भाडं सांगणं.

रामबागी (११.३०)

फोटो जोडला आहे. बाकी उतरवून घेतलं ते असं: पहिल्याची ओळ 'डीएनएसएसडी'ने सुरू होते, मग प्रिंटरचं लांबलचक नाव आणि पुढे कुठेतरी 'लोकल'. दुसऱ्यात 'सॉकेट' आणि पुढे १९२.१६८.०.१०५. तिसऱ्यात 'एलपीडी' आणि पुढे तोच आकडा. पहिल्याच्या रांगेत दहावीची गणिताची प्रश्नपत्रिका बऱ्याच वेळा बसली आहे, शेरा 'प्रोसेसिंग'. दुसऱ्यावर 'स्टॉप्ड' लिहिलंय. मशीनचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१४.

एक गोष्ट सांगायची राहिली. मोबाईलवरून प्रिंटर छापतो. मी खाली क्लासमध्ये बसून मोबाईलवरून दिलं तरी वर पान येतं. म्हणजे प्रिंटर ठीक, वायफाय ठीक. दोष लिनक्सचाच धरायचा ना?

खिडकीप्रेमी (११.३४)

हेच मी म्हणत होतो.

शिप्रा_काठ (११.५२)

तात्या, तो ० आणि तो १ दिसला का?

टर्मिनलतात्या (१२.०५)

दिसला, शिप्राताई. सर, घरात राउटर किती आहेत? आणि भाच्याने मिंट टाकलं तेव्हा मशीन क्लासमध्येच होतं का?

रामबागी (१२.४०)

राउटर दोन. फायबरवाल्याचा खाली क्लासमध्ये आहे, डेस्कटॉपला त्याचीच वायर लावलीय. वर रेंज येत नव्हती म्हणून दुसरा आणून वर लावला, खालून वायर ओढून. वायफायची नावं दोन वेगळी आहेत, पण नेट एकच.

मशीन भाच्याने वर नेलं होतं. जेवणाच्या टेबलावर मांडून सगळं केलं आणि जाताना खाली बसवून दिलं. त्याचा काय संबंध?

टर्मिनलतात्या (दुपारी २.२०)

संबंध तोच आहे. जेवून आलोय, सविस्तर लिहितो.

प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.०.१०५ आणि मशीनचा १९२.१६८.१.१४. तिसरा आकडा वेगळा आहे. घरगुती राउटरच्या नेहमीच्या मांडणीत याचा अर्थ ही दोन वेगळी नेटवर्क आहेत. तुमचा वरचा राउटर खालच्याला जोडलाय, पण नुसती रेंज वाढवायला नाही. त्याने स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटलंय आणि तो स्वतःच पत्ते वाटतोय. वरच्या मजल्यावरची उपकरणं त्याच्या आडून बाहेर जाऊ शकतात, म्हणून तुम्हाला नेट एकच वाटतं. पण खालून वर यायला दार नाही. खालच्या मशीनने १९२.१६८.०.१०५ ला हाक मारली तर ती पोचतच नाही. म्हणून 'सॉकेट' आणि 'एलपीडी' ही दोन्ही चित्रं मेलेली.

पहिल्या चित्राची गत वेगळ्या कारणाने तीच. 'डीएनएसएसडी' म्हणजे पत्ता पाठ न करता नावाने शोधणं. मशीन नेटवर्कभर विचारतं, अमुक नावाचा प्रिंटर कुणी आहे का, आणि प्रिंटर ओ देतो. ही विचारणा ज्या नेटवर्कवर होते तिथेच फिरते, राउटर ती पुढे नेत नाही. मशीन वर होतं त्या दिवशी दोघं एकाच नेटवर्कवर होते, म्हणून चाचणीचं पान आलं. खाली आणलं आणि ताटातूट झाली.

आता मोबाईल. मोबाईलचं वायफाय वरच्या राउटरचं आहे. तुम्ही खाली बसलात तरी त्याला वरची रेंज पकडते आणि तो वरच्याच नेटवर्कवर असतो. खात्री करायची असेल तर मोबाईलला क्लासच्या वायफायवर टाका आणि छापून बघा. माझ्या मते तोही गप्प बसेल.

रामबागी (२.४५)

मोबाईल क्लासच्या वायफायवर टाकला. 'प्रिंटर सापडला नाही.' आता मोबाईलमध्येही लिनक्स शिरलं म्हणायचं का, खिडकीप्रेमी?

५६_भोग (२.४७)

🙏🙏 सर, या वाक्यावर सराफ्यात एक भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

खिडकीप्रेमी (३.१०)

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल असतं, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या हो 😄 असो. राउटरचं निदान बरोबर वाटतंय.

शिप्रा_काठ (३.३५)

आता उपाय. दोन वाटा आहेत. प्रिंटर खालच्या राउटरच्या वायफायवर नेला तर डेस्कटॉपचं काम होईल, पण मग वहिनींच्या मोबाईलला तो दिसणार नाही, कारण मोबाईल वरच्या नेटवर्कवर. घरात नवी भानगड. शिवाय वर रेंज येत नाही असं तुम्हीच म्हणालात.

दुसरी वाट चांगली. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' असं काहीतरी असतं, तिथे 'ॲक्सेस पॉइंट' निवडा. मग तो स्वतः पत्ते वाटणं थांबवतो आणि फक्त रेंज देतो. सगळं घर एका नेटवर्कवर येतं. राउटर जुना असेल आणि ती सोय नसेल तर हाताने करावं लागतं: आधी त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या राउटरच्या रांगेत पण त्याच्याशी न टकरणारा द्यायचा, मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं आणि खालून आलेली वायर 'वॅन' खाचेतून काढून 'लॅन' खाचेत लावायची. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर सेटिंगचं पान पुन्हा उघडताना नाकी नऊ येतात.

आणि हो, बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. राउटरवर ते बंद करू नका.

टर्मिनलतात्या (३.५०)

ताईंनी माझं टायपिंग वाचवलं. त्यात एक भर. राउटर बदलायच्या आधी रांग रिकामी करा, तिन्ही चित्रांवरची. नाहीतर जोडणी झाल्या झाल्या ते गणिताचे पेपर एकामागून एक पडत राहतील आणि शाईची बाटली उताणी होईल. मग तिन्ही चित्रं काढून टाका. कंपनीचा ड्रायव्हर तसाच राहू दे, पडून राहिला तर काही खात नाही.

सयाजीबाग (सायं. ५.०५)

मध्येच घुसतोय, पण विषय जवळचा आहे. मी वडोदऱ्याहून. माझंही मशीन विंडोज ११ घेत नाही, म्हणून मिंटचा विचार चाललाय, अजून टाकलं नाही. माझ्याकडे कॅननचा एलबीपी २९०० आहे, काळा-पांढरा लेझर, एकदम ठणठणीत. तो चालेल का? इथे तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं आली.

टर्मिनलतात्या (सायं. ६.३०)

टाकायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. सरांचा प्रिंटर आणि तुमचा प्रिंटर या दोन वेगळ्या पिढ्या आहेत.

ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं. फोनवर ड्रायव्हर टाकत बसायची सोय नव्हती, म्हणून फोन पाठवेल ते ठरावीक भाषेतलं पान प्रिंटरनेच समजून घ्यायचं, असं ठरलं. कंपन्यांना ते पाळावं लागलं, कारण फोनवरून न छापणारा प्रिंटर विकणार कोणाला? त्याचा आयता फायदा लिनक्सला झाला. लिनक्सवर छपाई सांभाळतो तो 'कप्स'. मायकेल स्वीट यांनी तो १९९९ मध्ये बाहेर आणला, २००७ मध्ये ॲपलने विकत घेतला, आणि मॅकच्या आतही तोच आहे. सध्या लिनक्सच्या बाजूने त्याचं काम 'ओपनप्रिंटिंग' बघतं. सांगायचा मुद्दा, एअरप्रिंट समजणाऱ्या प्रिंटरला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सरांच्या स्टिकरवरचं मॉडेल त्या यादीत आहे, म्हणून मी सकाळपासून ड्रायव्हरचं नाव काढू देत नाहीये. विंडोजच्या काळात सीडी घालायची सवय लागली, आणि ती सवय इथे घेऊन आलं की एका प्रिंटरची तीन चित्रं होतात.

एलबीपी २९०० या सगळ्याच्या आधीचा. पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल या प्रिंटरांच्या नेहमीच्या भाषा त्याला कळत नाहीत. पान रंगवायचं काम कॉम्प्युटर करतो आणि कॅननच्या स्वतःच्या 'कॅप्ट' भाषेत त्याला पाठवतो. म्हणून त्याला ड्रायव्हर लागतोच. कंपनीने लिनक्ससाठी कॅप्ट ड्रायव्हर दिलेला आहे, पण तो जुन्या घडणीचा: सोबत 'सीसीपीडी' नावाची एक सेवा चालू ठेवावी लागते आणि नव्या ६४ बिटच्या मशीनवर काही ३२ बिटच्या लायब्ररी वेगळ्या टाकाव्या लागतात. बाहेरच्या लोकांनी भाषा उलगडून लिहिलेला 'कॅप्टड्रायव्हर' नावाचा मुक्त ड्रायव्हरही आहे. दोन्ही वाटांनी लोकांनी चालवलाय, पण सरांना सांगतोय तसं 'आपोआप दिसेल' हे तुम्हाला सांगणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं सुरू करून बघितलं असतं. डिस्कला हात लागत नाही. नेट, आवाज, स्क्रीन सगळं तपासून होतं. प्रिंटरचा प्रयोग मात्र मिंट टाकल्यावरच नीट होईल, कारण त्या सेवेला मशीन पुन्हा चालू केल्यावरही टिकायचं असतं. तोवर डिस्कवर विंडोजलाही जागा ठेवा.

शिप्रा_काठ (६.५५)

एचपीवाल्यांसाठीही लिहून ठेवते, कारण धागा शोधून पुढे लोक येतातच. लेझरजेट १०२०, पी१००७, पी१००८ हे कितीतरी दुकानांत आणि शाळांत अजून आहेत. या मॉडेलांमध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरचा आतला प्रोग्राम, कायमचं नसतं. प्रिंटर चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरने ते भरायचं. लिनक्सवर एचपीचे प्रिंटर चालवणारं एचपीलिप हे पॅकेज मिंटमध्ये असतंच, पण या प्रिंटरांना त्याच्यासोबत एक वेगळा 'प्लगइन' लागतो, जो एचपीचा बंदिस्त भाग आहे. एचपीलिपच्या सेटअपमधून तो उतरवता येतो.

गोम अशी की प्लगइनची आवृत्ती आणि एचपीलिपची आवृत्ती जुळावी लागते. मिंटची मोठी आवृत्ती बदलली, एचपीलिप नवं आलं, प्लगइन जुनाच राहिला, की प्रिंटर दिसतो, रांग पुढे सरकते आणि कागद मात्र हलत नाही. लोक केबल बदलतात, प्रिंटर उघडतात. करायचं एवढंच असतं की प्लगइन पुन्हा उतरवायचा.

आणि यूएसबीने जोडलेल्या नव्या प्रिंटरांबद्दल: मिंट २१ पासून ड्रायव्हरविना छपाई हीच पहिली वाट आहे, यूएसबीवरही, 'आयपीपी-यूएसबी' नावाच्या पॅकेजमार्फत. एखादा प्रिंटर त्या वाटेने नीट चालला नाही आणि कंपनीच्या ड्रायव्हरवर परत जायचं असेल, तर आयपीपी-यूएसबी आणि स्कॅनरसाठीचं सेन-एअरस्कॅन ही दोन पॅकेजं काढायची असं मिंटने स्वतःच सांगितलं आहे. ती ठेवून वर ड्रायव्हर टाकला की यूएसबीवरून दोघांची ओढाताण चालते.

मोतीमहाल (रात्री ८.२०)

ग्वाल्हेरहून एक शंका. हे कप्स, ६३१ पोर्ट वगैरेवर मध्यंतरी मोठी बोंबाबोंब झाली होती ना? कोणीतरी बाहेरून खोटा प्रिंटर घुसवू शकतो असं काहीसं. सर क्लासमध्ये मुलांना वायफाय देत असतील तर विचार करायला हवा.

टर्मिनलतात्या (८.५०)

बरोबर आठवलं. सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. 'कप्स-ब्राउज्ड' नावाची जी सेवा नेटवर्कवरचे प्रिंटर आपणहून यादीत आणते, ती यूडीपी ६३१ या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, कुणाचंही ऐकून घेत होती. त्यातून खोटा प्रिंटर यादीत घुसवता येत होता, आणि त्या प्रिंटरवर कुणी काही छापायला दिलं की मशीनवर भलतीच आज्ञा चालवता येत होती. मिंटसारख्या लिनक्स वितरणांनी लगेच दुरुस्त्या दिल्या. मिंटचा अपडेट मॅनेजर लाल ठिपका दाखवत असेल तर तो दाबा, एवढंच. घरच्या राउटरमागे बसलेल्या मशीनपर्यंत बाहेरून तसं सहज पोचता येत नाही, पण तुमचा मुद्दा आतल्या माणसांबद्दल आहे आणि तो रास्त आहे. सर, मुलांना वायफाय देत असाल तर राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' वेगळं काढून द्या. तिथून त्यांना प्रिंटर दिसणार नाही, जे परीक्षेच्या आदल्या दिवशी उत्तमच.

रामबागी (रविवार, दुपारी १.१५)

मुलांना वायफाय देत नाही. दिलं तर शिकवू कोणाला?

आज सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर हातात घेतलं. वरच्या राउटरमध्ये 'ऑपरेशन मोड' निघाला. 'ॲक्सेस पॉइंट' केला, तो बंद होऊन चालू झाला. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला. खाली आधीच रांगा रिकाम्या करून तिन्ही चित्रं काढली होती. मशीन चालू केल्यावर काहीही न करता एक चित्र आपोआप आलं! चाचणीचं पान वर पडलं, सौ.ने वरून हाक मारून सांगितलं. तात्या, शिप्राताई, दोघांना नमस्कार.

पण गणिताचा पेपर छापला तर प्रत्येक पानाच्या खालच्या दोन-तीन ओळी गायब. प्रश्न क्र. ७ अर्धाच. आणि मध्येच प्रिंटर थांबून कागदाचा आकार जुळत नाही असं म्हणतो.

टर्मिनलतात्या (१.४०)

मिंट टाकताना भाषा 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' निवडलेली दिसतेय. अमेरिकेत कागद 'लेटर' मापाचा, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ २१० बाय २९७. लेटर थोडा रुंद आणि जवळपास दोन सेंटिमीटर आखूड, म्हणून खालचंच कापलं जातंय.

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये कागदाचा आकार ए४ करा. मग लिब्रेऑफिसमध्ये 'फॉरमॅट'मधली 'पेज स्टाइल' उघडून तिथेही ए४. एका जागी केलं आणि दुसऱ्या जागी राहिलं तर भांडण चालूच राहतं. भाषेच्या सेटिंगमध्ये प्रदेश 'भारत' केलात तर पुढच्या नव्या फायली आपणहून ए४ मध्ये उघडतील.

रामबागी (३.०५)

प्रश्न सात पूर्ण आला. नववीचा हिंदीचा पेपर मात्र उघडतानाच रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, छापला तर कचराच छापून येतो. विंडोजवर हीच फाइल नीट दिसायची. हाही प्रिंटरचाच प्रकार का?

शिप्रा_काठ (३.२०)

नाही, प्रिंटर बिचारा समोर आहे ते छापतोय. फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. मध्य प्रदेशात शाळांपासून कचेऱ्यांपर्यंत तेच चालत आलंय. तो युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत तो पाळत नाही. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकार चढवतो. फॉन्ट नाही, की आकार गेला.

आजच्यापुरतं, जुन्या विंडोजमधली ती फॉन्टची फाइल असेल तर त्यावर दोनदा टिचकी मारून इथेही बसवा, पेपर पूर्वीसारखा दिसेल. पुढच्यासाठी कृतिदेवचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं नेटवर आहेत. त्यातून काढून एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि ऱ्हस्व इकार इकडे तिकडे सरकतात. हिंदीच्या पेपरात ते तुम्हाला परवडणार नाही.

अजून एक. देवनागरीतली साधी टेक्स्ट फाइल थेट प्रिंटरकडे पाठवू नका. कप्सचं टेक्स्ट छापायचं यंत्र जोडाक्षरं जोडत बसत नाही. लिब्रेऑफिस रायटरमध्ये उघडून किंवा पीडीएफ करून छापा.

५६_भोग (३.३०)

शिप्राताईंचा क्लास कुठे भरतो? नाव नोंदवून राहिलोय.

रामबागी (सायं. ५.४५)

फॉन्ट बसवला, हिंदीचा पेपर झाला. रूपांतर परीक्षा झाल्यावर.

एकदा विचारूनच घेतो. त्याच प्रिंटरवर स्कॅनर आहे, तपासलेल्या उत्तरपत्रिका पालकांना पाठवायच्या असतात. त्यासाठी काही टाकावं लागेल का?

टर्मिनलतात्या (६.१०)

बहुतेक काही नाही. मेनूत 'डॉक्युमेंट स्कॅनर' आहे, तो उघडा. प्रिंटर ड्रायव्हरविना चालतोय म्हणजे स्कॅनरही त्याच वाटेने दिसायला हवा. मजकुरासाठी 'टेक्स्ट' निवडलंत तर फाइल लहान होते आणि व्हॉट्सॲपवर पटकन जाते, पण लाल शाईच्या खुणा त्यात काळ्या होतात. उत्तरपत्रिकांना 'इमेज' ठेवा. सगळी पानं एकाखाली एक स्कॅन करून शेवटी एकदाच पीडीएफ म्हणून साठवा, पानागणिक वेगळी फाइल करू नका.

आणि सवडीने खालच्या राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात त्याला. आता तो नावाने सापडतोय म्हणून पत्ता बदलला तरी अडणार नाही. पण उद्या भाचा आला आणि त्याने पुन्हा पत्ता घालून चौथं चित्र बनवलं, तर निदान ते चालू राहील.

रामबागी (६.४०)

स्कॅनर दिसला, पानं निघाली. भाच्याला या धाग्याची लिंक पाठवलीय. त्याचं उत्तर: "मामा, मी सांगणारच होतो."

सयाजीबाग (रात्री ९.३०)

तात्या, तुम्ही म्हणालात तसं पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं. नेट, आवाज, मराठी टायपिंग सगळं चाललं. प्रिंटर जोडला, तर यूएसबीच्या यादीत नाव येतं, पुढे काही नाही. आता असं ठरवलंय की मिंट टाकायचं, पण विंडोजचं विभाजन ठेवून. कॅप्ट ड्रायव्हर टाकायला बसलो की वेगळा धागा काढतो. इथेच विचारलं तर व्यवस्थापक ओरडतील.

व्यवस्थापक (९.४५)

ओरडत नाही, पण वेगळा काढा. शीर्षकात मॉडेलचं नाव पूर्ण लिहा, 'प्रिंटर चालत नाही, मदत' असं नको. त्या शीर्षकाचे आधीच डझनभर पडलेत.